बंदुकीचं लॉकर बीप करतं पण उघडत नाही? मिस्त्रीला फोन करायच्या आधी हे बघून घ्या

आधी लक्षण ओळखा. "लॉकर बिघडलं" एवढ्यावरून काहीच कळत नाही, नेमकं काय होतंय ते कळलं की अर्धं काम तिथंच होतं.

पहिलं लक्षण, कोड टाकला, हिरवा लाईट लागला, आतून टक् असा आवाजपण आला, पण नॉब फिरत नाही. सगळ्यात जास्त तक्रारी याच्याच असतात.

दुसरं, कोड टाकताना लाईट मंद होतो, बीप बारीक येतो नाहीतर कीपॅड मधेच बंद पडतं, आणि टक् आवाज येतच नाही.

तिसरं, कीपॅड एकदम मुकं. किंवा नुसतं बीप बीप करत बसतं आणि कुठलंच बटण घेत नाही.

चौथं, उघडतं पण रोज नाही. उन्हाळाभर व्यवस्थित चाललं आणि श्रावणात अडायला लागलं, दिवाळीनंतर परत आपोआप बरं झालं.

पाचवं, उघडतं चांगलं पण बंद करताना रॉड, म्हणजे दारातून चौकटीत जाणारे लोखंडी दांडे, पूर्ण बाहेर येत नाहीत, नॉब अर्ध्यातच थांबतो, दार धरून हलवलं की खडखडतं. याला लोक तक्रारच समजत नाहीत, "लागतं ना दार, मग झालं". खरं तर सगळ्यात धोक्याचं हेच आहे, कारण लॉकर बंद दिसतं आणि बंद नसतं.

मी लॉकर आणि लोखंडी कपाटं बसवायचं, दुरुस्त करायचं काम करतो. चोपडा-यावल-रावेरकडचे केळीवाले, शहादा-तळोदा भागातले शेतकरी, पेट्रोल पंपवाले, जळगावातले सराफ, स्वतःची बाराबोर बंदूक घेऊन गार्डची ड्युटी करणारे रिटायर्ड फौजी, सगळ्यांकडे जाणं होतं. फोन एकच असतो, "भाऊ, लॉकर उघडसच नही". आणि बहुतेक वेळा लॉकला काही झालेलं नसतं. सेल उतरलेले असतात, दार दाबात अडकलेलं असतं, नाहीतर लॉकर चुकीच्या जागी चुकीच्या पद्धतीनं बसवलेलं असतं.

हे एवढं लिहितोय त्याचं कारण वेगळं आहे. दर वेळेला उघडताना त्रास देणारं लॉकर माणूस शेवटी उघडंच ठेवायला लागतो. नाहीतर बंदूक कपाटाच्या वर, गादीखाली, धान्याच्या कोठीमागे जाते, आणि घरात नातवंडं खेळत असतात. शस्त्राचा परवाना मागतानाच आपण हत्यार घरी सुरक्षित कसं ठेवणार ते लिहून देतो, तो कागद नुसता फाईलला लावायला नसतो. म्हणून लॉकर सुरळीत चालणं हीच मुळात सेफ्टी आहे.

काही करायच्या आधी तीन गोष्टी. ज्याच्या नावावर लायसन आहे तो माणूस समोर पाहिजे. लहान मुलं त्या खोलीबाहेर पाहिजेत. आणि आतली बंदूक भरलेलीच आहे असं धरून चालायचं, "मी रिकामी करूनच ठेवली होती" हे ऐकूनसुद्धा.

दार आत दाबून नॉब फिरवा

याला पैसा लागत नाही म्हणून हे पहिलं. कोड टाकायचा, टक् आवाज आला की एका हाताच्या तळव्यानं किंवा गुडघ्यानं दार चौकटीत जोरात आत दाबायचं, आणि दाब तसाच ठेवून दुसऱ्या हातानं नॉब फिरवायचा. नॉबच्या वर दाबून बघा, खाली बघा, बिजागरीच्या विरुद्ध बाजूला बघा. नाही झालं तर नॉब आधी उलट, म्हणजे बंद करायच्या दिशेनं थोडा दाबून सोडा आणि मग परत कोड टाका.

कारण काय तर कोडनं दार उघडत नाही. कोड बरोबर आला की आतली कॉइल एक छोटी पिन मागं ओढते, बस, बाकी रॉड ओढायचं काम नॉब फिरवून आपला हात करतो. आतून एखादी वस्तू दाराला टेकली असेल, बंदुकीचा दस्ता, काडतुसांचा डबा, कागदाची फाईल, तर दार बाहेर ढकललं जातं, रॉड चौकटीला घट्ट चिकटतात आणि पिनवर वजन येतं. मग एवढीशी कॉइल ती पिन ओढूच शकत नाही, किंवा ओढते पण रॉड जागचे हलत नाहीत. दार आत दाबलं की ते वजन निघतं. पहिल्या लक्षणाचे निम्मे लोक इथंच मोकळे होतात आणि फोनवरच काम होऊन जातं.

नॉबला पान्हा लावू नका. बऱ्याच नॉबचा दांडा जास्त जोर आला की मुद्दाम तुटावा असाच केलेला असतो, म्हणजे चोरानं पिळला तरी रॉड हलत नाहीत. तो तुमच्या हातून तुटला तर दोनशेचं काम काही हजारांवर जातं.

कीपॅड बटण घेत नसेल तर थांबा

तीन-चार वेळा कोड चुकला की बहुतेक इलेक्ट्रॉनिक लॉक काही मिनिटं स्वतःला बंद करून घेतं. मॉडेलप्रमाणे वेळ वेगळी, पण अर्धा तास हातच लावला नाही तर सहसा पुरतं. लोक काय करतात की दर दोन मिनिटांनी परत दाबून बघतात, काही मॉडेलमध्ये तेवढ्यानं वेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि मग संध्याकाळपर्यंत लॉकर बंदच. सेल काढून परत घातले तरी काहींत तेच होतं. घड्याळ लावा, चहा घ्या, मग एकदाच, सावकाश, प्रत्येक बटणाचा बीप ऐकत कोड टाका.

आणि अर्धा तास मोकळा आहेच तर घरात विचारून घ्या की कोणी कोड दाबून बघितला का. घरातल्या कोणी नाही म्हटलं आणि तुम्ही पण नाही दाबला, तर हा विषय दुरुस्तीचा राहत नाही. याबद्दल खाली लिहिलंय.

सेल, आणि सेलच्या नावाखाली होणारी फसगत

"सेल नवेच आहेत भाऊ, कालच टाकले." बघितलं तर रिमोट आणि भिंतीवरच्या घड्याळाला लागतात ते स्वस्तातले साधे सेल. घड्याळाला करंट अगदी थोडा लागतो, त्याला चालतात. लॉकरच्या कॉइलला एका झटक्यात भरपूर करंट लागतो आणि त्या झटक्याला साध्या सेलचं व्होल्टेज खाली पडतं. लाईट लागतो, बीप होतो, पण कॉइल ओढत नाही. दुसऱ्या लक्षणाचं कारण जवळजवळ नेहमी हेच.

चार पेन्सिल सेल लागत असतील तर चारही अल्कलाईन घ्या, एकाच कंपनीचे, एकाच वेळी. दोन जुने दोन नवे करू नका, जुने नव्यांना ओढून खाली आणतात. रिचार्जेबल पण नको, ते 1.2 व्होल्टचे असतात, चार मिळून 4.8 होतात, जिथं लॉकला 6 पाहिजेत. सेलचा डबा आतल्या बाजूला असेल आणि लॉकर बंद असेल तर घाबरू नका, बऱ्याच मॉडेलना बाहेरून 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवायला दोन ठिपके किंवा एक छोटं सॉकेट दिलेलं असतं, कीपॅडच्या खाली किंवा कडेला बघा. बॅटरी टेकवून धरूनच कोड टाकायचा, हात सुटला तर कोड लागत नाही.

आपल्याकडे सेलचा अजून एक शत्रू आहे, ऊन. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो आणि पत्र्याच्या खोलीत त्याच्याहून जास्त. तापमानानं सेल लवकर उतरतात आणि गळतात. 2024 साली मे महिन्यात लोकसभेचं आणि नोव्हेंबरात विधानसभेचं, अशी दोन मतदानं झाली, ज्यांना ज्यांना बंदूक ठाण्यात जमा करायला सांगितलं होतं त्यांची लॉकरं आचारसंहिता संपेपर्यंत तशीच बंद पडून राहिली. बंदूक परत आणली तर लॉकर उघडेना. डबा उघडला तर सेलच्या टोकाला पांढरी पावडर आणि स्प्रिंग हिरवी पडलेली. तेव्हा बंदूक जमा करायला जाताना सेल काढूनच ठेवत जा. आधी इमर्जन्सी चावी लागते का ते बघून घ्या आणि ती बाहेर ठेवा. पावडर दिसलीच तर हातमोजे घालून, कापसाच्या बोळ्याला लिंबाचा रस लावून स्प्रिंग पुसा, मग कोरड्या फडक्यानं पुसून वाळू द्या. डोळ्याला हात लावू नका. स्प्रिंग खाल्ली गेली असेल तर सेलचा डबाच बदलायचा, स्वस्तात मिळतो.

इमर्जन्सी चावी

ही सापडली तर पुष्कळ काम सोपं होतं. कीपॅडच्या बाजूला प्लॅस्टिकचं झाकण किंवा कंपनीच्या नावाची पट्टी असते, तिच्याखाली चावीचं भोक असतं. चावी लॉकरच्या आत ठेवलेली असते असं खूप घरांत बघितलंय. नवीन लॉकर आलं की चावी पिशवीसकट आतच राहते आणि आठवण येते ती लॉकर बंद पडल्यावर. आजच जाऊन बघा. ती घराबाहेर विश्वासाच्या ठिकाणी पाहिजे, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली तर उत्तम. देवघरात किंवा फ्रीजवर नको, पोरांना घरातलं सगळं माहीत असतं.

चावी जड फिरत असेल तर खोबरेल, मशीनचं तेल, स्प्रे यातलं काहीच भोकात टाकायचं नाही. आपल्याकडची धूळ अगदी बारीक, जिनिंगच्या बाजूला राहत असाल तर कापसाचे तंतू वेगळे, तेलात हे सगळं बसतं आणि चिकट लगदा होतो. ग्रॅफाईट पावडर टाकायची, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. मिळालीच नाही तर शिसपेन्सिलीचं टोक चावीच्या दात्यांवर नीट घासा आणि चावी आत-बाहेर करा.

उघडलं? मग लगेच बंद करू नका

आधी लायसनवाल्यानं बंदूक बाहेर काढायची, नळी सुरक्षित दिशेला ठेवून रिकामी आहे का ते डोळ्यानं बघायचं, काडतुसं वेगळी ठेवायची. मी स्वतः कोणाच्या हत्याराला हात लावत नाही आणि कुठल्याच मिस्त्रीनं लावू नये. दुरुस्तीसाठी लॉकर दुकानात न्यायचं असेल तर बंदुकीसकट पाठवायचं नाही, लायसन नसलेल्या माणसाच्या ताब्यात हत्यार जाणं हाच 1959 च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे.

मग दार उघडं ठेवून नॉब फिरवा, रॉड बाहेर काढा, परत कोड टाकून आत घ्या. असं पाच-सहा वेळा करा. दार उघडं असताना सगळं लोण्यासारखं चालतं आणि बंद केल्यावरच अडतं, तर लॉक चांगलं आहे, दोष दाराच्या आणि चौकटीच्या मेळात आहे. उघड्या दारातही अडत असेल तर दोष लॉकमध्ये. ही एक टेस्ट पुढचा खर्च ठरवते म्हणून टाळू नका.

मेळात दोष असेल तर आत काय टेकतंय ते बघा. दाराच्या आतल्या बाजूला पाऊच, हुक, लायसनच्या झेरॉक्सची पिशवी, उभ्या बंदुकीचा दस्ता पुढं सरकलेला. रॉडवर घासल्याची चमक कुठं आहे ते बघा, वरच्याच रॉडवर चमक असेल आणि खालचे स्वच्छ असतील तर दार एका बाजूला उतरलंय.

लेव्हल आणि आपली काळी जमीन

चौथ्या लक्षणाचं उत्तर इथं आहे आणि हे बहुतेकांच्या डोक्यात येत नाही. तापी, गिरणा, पांझरेच्या काठची आपली जमीन काळी, खोल. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगा पडून बसते. घराच्या भिंती पायावर, कॉलमवर उभ्या असतात, पण तळमजल्याची फरशी नुसत्या भरावावर असते. म्हणजे भिंत आणि फरशी वेगवेगळ्या हलतात. आता लॉकर खाली फरशीला पण बोल्ट केलंय आणि मागं भिंतीला पण, तर पावसाळ्यात दोघांच्या ओढाताणीत लॉकरचा सांगाडाच पिळला जातो. एक-दोन मिलिमीटरनं चौकट तिरकी झाली तरी रॉड भोकात नीट जात नाहीत.

तपासायचं कसं तर लेव्हल पट्टी लॉकरच्या डोक्यावर आडवी आणि उभी ठेवून बघा, ओळंबा दाराच्या कडेला धरा. मग लॉकर उघडं असताना भिंतीचे बोल्ट दोन-तीन आटे सैल करा आणि दार लावून बघा. नॉब एकदम हलका झाला तर चोर सापडला. भिंतीचे बोल्ट काढून टाका, फक्त खालचे ठेवा, आणि जिथं कोपरा बसलाय तिथं लोखंडी पट्टी किंवा वॉशर सरकवून लेव्हल करून परत आवळा. लाकडाची पाचर नको, ओलीनं फुगते. एकाच ठिकाणी फिक्स करायचं हे डोक्यात ठेवा, फरशीला नाहीतर भिंतीला, दोन्हीला नाही. पहिल्या मजल्यावर स्लॅब आणि कॉलम एकत्रच असतात, तिथं हा त्रास फारसा होत नाही.

पाचव्या लक्षणाचं कारण पण इथंच असतं, नाहीतर रॉडच्या भोकात धूळ-गंज साठलेला असतो. ब्रशनं झाडा, सुक्या फडक्यानं पुसा, रॉडवर ग्रॅफाईट लावा. नॉब पूर्ण फिरल्याशिवाय लॉकर बंद झालं असं समजायचंच नाही.

गंजाबद्दल एक सांगतो. लोक म्हणतात पावसाळ्यानं गंज आला, पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्येच सुरुवात होते, कूलरमुळे. लॉकरच्या खोलीत कूलर रात्रभर चालतो, ओली हवा लॉकरमध्ये शिरते आणि नळीवर, रॉडवर तांबूस ठिपके येतात. कूलरच्या झोताच्या रेषेत लॉकर नको आणि बाथरूमच्या भिंतीला चिकटून तर नकोच. आत सिलिका जेलची पुडी ठेवा, निळी असेल तर गुलाबी झाली की ओल भरली, वाळवून परत वापरता येते. बंदूक चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या कव्हरमध्ये घालून लॉकरमध्ये ठेवू नका, कव्हर ओल धरून ठेवतं.

इथं थांबायचं

चांगले सेल, दाब देऊन, चावी लावून पण उघडलं नाही, तर आता तुमचं काम संपलं. ग्राइंडर, गॅस कटर, ड्रिल, घण, काहीच नाही. आत काडतुसं आहेत, कदाचित भरलेली बंदूक आहे, बाहेरून तापवणं आणि ठिणग्या पाडणं म्हणजे जिवाशी खेळ. गावात वेल्डिंगवाला लगेच मिळतो आणि पाचशेत कापून देतो म्हणतो, त्याला आत काय आहे ते माहीत नसतं. कंपनीच्या सर्व्हिसला नाहीतर तिजोरीचंच काम करणाऱ्याला बोलवा, आणि फोनवरच सांगा की आत हत्यार आणि काडतुसं आहेत. मॉडेल नंबर, बिल, लायसन आणि ओळखपत्र तयार ठेवा, चांगला माणूस हे बघितल्याशिवाय हात लावणार नाही, न बघता कामाला लागला तर त्यालाच परत पाठवा.

नॉब मोकळाच फिरतोय, चावी आत तुटली, उघड्या दारातही कोड घेऊन पिन ओढत नाही, कीपॅडची आतली पट्टीवायर तुटली, ही पण प्रोफेशनलचीच कामं. आणि कीपॅडवर, दाराच्या कडेला खरवडल्याच्या खुणा दिसल्या किंवा कोणीतरी कोड दाबून बघितल्याचा संशय असेल तर मिस्त्रीच्या आधी पोलीस ठाणं. उघडल्यावर बंदूक किंवा काडतुसं कमी दिसली तर एक तास पण न थांबता.

नवीनच घ्यायचं असेल तर

मोबाईलमध्ये फोटो बघून दहा-बारा बंदुकींचं कपाट मागणारे असतात. शस्त्र कायद्यात 2019 ला झालेल्या दुरुस्तीनंतर एका माणसाला साधारण दोनच बंदुका ठेवता येतात, तेव्हा दोनाची जागा पुष्कळ झाली. आधी बंदुकीची पूर्ण लांबी टेपनं मोजा आणि आतली उंची त्याहून तीन-चार इंच जास्त घ्या, तिरकी कोंबलेली बंदूकच दार दाबते. काडतुसांना वेगळ्या चावीचा कप्पा पाहिजे. तळाला आतून बोल्ट मारायची भोकं पाहिजेत, कारण सुटं हलकं लॉकर दोन माणसं उचलून नेतात आणि स्वस्तातलं कॉइलचं लॉक जोरात हादरे दिले तर दगा देऊ शकतं. घरात वयस्कर माणूसच वापरणार असेल, लाईटचा, सेलचा भरवसा नसेल, तर सरळ दोन चाव्यांचं मेकॅनिकल घ्या, मी शेतातल्या घरासाठी तेच सांगतो.

काँक्रीटमध्ये 12 एमएमचा अँकर फास्टनर, कमीत कमी तीन इंच आत. फरशीखाली नुसता मुरूम असेल तर तिथं अँकर धरत नाही, फरशी उचलून काँक्रीटचा ओटा टाकायचा, पाणी मारून चांगला पक्का होऊ द्यायचा आणि त्यावर बसवायचं. धाब्याच्या घरात मातीच्या भिंतीला बोल्ट मारूच नका, भिंत कितीही जाड असली तरी ओढल्यावर ढेकळासकट बाहेर येतो, तिथं पण ओटाच. ड्रिल मारायच्या आधी खालून पाण्याची लाईन किंवा वायरिंगचा पाईप जात नाही ना ते घर बांधणाऱ्या मिस्त्रीला विचारून घ्या.

फिटिंग झालं की कंपनीचा कोड बदला, त्यात जन्मसाल किंवा गाडीचा नंबर नको. दार उघडं ठेवूनच नवीन कोड चार-पाच वेळा टाकून बघा, चावी पण एकदा लावून बघा, आणि मगच रिकामं लॉकर पहिल्यांदा बंद करा. एक-दोन दिवस रिकामंच उघड-बंद करून बघायचं, त्यानंतर बंदूक आत.